ट्रेंड तापलाय, मीम टाकायचंय? रंग, रूप, प्रांतावर न घसरता कसं हसवायचं

विकेट पडली, ट्रेलर आला, सरकारने काहीतरी जीआर काढला, की पाच मिनिटात सगळ्यांचे हात शिवशिवायला लागतात आणि मग जो जोक सगळ्यात आधी सुचतो तोच टाकला जातो, आणि सगळ्यात आधी सुचणारा जोक बऱ्याचदा कोणाच्या तरी रंगावर, नाहीतर डोळ्यांवर, नाहीतर तो कुठल्या राज्यातून आलाय त्याच्यावर असतो, कारण तो आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो, डोकं चालवावंच लागत नाही. मी पुण्यात मित्रांबरोबर एक छोटं मराठी मीम पेज चालवतो, त्यामुळे हे रोज डोळ्यासमोर घडतं. आणि मला हे मनापासून वाटतं की मराठीत हसवायला इतका माल पडलाय की कोणाच्या कातडीपर्यंत जायची गरजच नाही. म्हणून हे लिहितोय, पेज चालवणाऱ्यांसाठी, कॉलेजच्या ग्रुपवाल्यांसाठी, आणि सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी पण.

एक गोष्ट आधी डोक्यात फिट करा. पुण्यात बसून तुम्ही ज्याच्यावर जोक मारताय तो माणूस लांब कुठेतरी नाहीये. विमाननगरच्या पीजीत मणिपूर-नागालँडची पोरं राहतात, कॅम्पात आणि कोंढव्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं भेटतात, हिंजवडीत अख्खा देश कामाला येतो, आणि पेठांमधल्या अभ्यासिकांत बीड-लातूर-परभणीची पोरं रात्री एक एक वाजेपर्यंत एमपीएससीचा अभ्यास करत बसलेली असतात. यातला कोणी ना कोणी तुमची पोस्ट बघणारच आहे, कदाचित तुमच्याच शेजारी बसून बघेल.

सगळ्यात आधी ट्रेंड कसला आहे ते बघा

क्रिकेट, सिनेमा, नेत्याचं भाषण, पीएमपीची बंद पडलेली बस, खड्डे, यावर लगेच टाका, काही हरकत नाही. पण कोणी मेलंय, कोणाला मारहाण झालीये, कुठे दंगल झालीये, किंवा कुठल्या महापुरुषाचा अपमान झाला म्हणून फोटो फिरतोय, असं असेल तर फोन खाली ठेवा. त्यावर जोकही नको आणि चिडून फॉरवर्डही नको. हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाहीये, आपल्या शहराने दोनदा भोगलंय.

ऑगस्ट २०१२ आठवा. आसाममध्ये कोक्राझारला हिंसाचार झाला आणि त्याचे म्हणून भलतेच, दुसऱ्याच देशातले, जुने फोटो मोबाईलवर फिरायला लागले. पुण्यात ईशान्येच्या पोरांना रस्त्यात गाठून मारहाण झाली, फक्त चेहरा बघून. मग उलट अफवा सुटली की आता सगळ्यांवर हल्ले होणार, आणि बेंगळुरू, पुण्यातून हजारो जणांनी मिळेल त्या ट्रेनने गाव गाठलं. सरकारला शेवटी एकावेळी पाचच्या वर एसएमएस पाठवायला बंदी घालावी लागली होती. तेव्हा घराघरात स्मार्टफोनही नव्हता हे लक्षात घ्या.

आणि जून २०१४. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांचे विकृत केलेले फोटो फेसबुकवर आले, शहर पेटलं, आणि हडपसरला नमाज पढून घरी निघालेल्या एका तरुण आयटी इंजिनिअरला जमावाने मारून टाकलं. मूळचा सोलापूरचा पोरगा. त्या फोटोंशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो फोटो ज्यांनी ज्यांनी 'बघा काय चाललंय' म्हणून पुढे ढकलला असेल त्यातल्या कितीतरी जणांना वाटलं असेल की आपण फक्त निषेधच करतोय.

त्यामुळे असा ट्रेंड आला की आधी तपासा. व्हिडिओ पॉज करा आणि मागचं बघा, माणसांकडे नंतर. दुकानाच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाडीची नंबरप्लेट काय म्हणतेय (पुण्याचं म्हणून फिरतंय आणि एकही एमएच १२ किंवा १४ दिसत नाहीये, तर थांबा), लोकांनी स्वेटर घातलेत का आणि आत्ता तर मे महिना चालू आहे, असलं सगळं. मग एक स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका, जुना असेल तर बऱ्याच वेळा दोन मिनिटात कळतं. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर समजायचं की तो बऱ्याच हातातून फिरून आलाय, आणि पाठवणाऱ्या मावशीला पण माहीत नसतं तो कुठून निघाला.

जोक तपासायची पद्धत

आता मुद्द्याचं. माझी एकच कसोटी आहे आणि ती मी प्रत्येक ड्राफ्टला लावतो: जोकमधून त्या माणसाचा रंग, चेहरा, जात, धर्म, राज्य पुसून टाका आणि मग वाचा. हसू आलं तर जोक आहे. काहीच उरलं नाही तर तिथे जोक नव्हताच, नुसतं बोट दाखवणं होतं.

उदाहरण देतो. आयपीएल चालू होती, एका वेस्ट इंडियन बोलरने शेवटच्या ओव्हरमध्ये नो बॉलवर नो बॉल टाकले आणि मॅच घालवली. सगळीकडे ट्रेंड. आमच्या पेजसाठी एकाने टेम्प्लेट करून पाठवलं, काळी स्क्रीन आणि वर ते लाईट गेली आणि दात दिसले टाईपचं कॅप्शन. मी त्याला म्हणलं, यातून रंग काढ बघू. त्याने काढला. उरली नुसती काळी स्क्रीन. नो बॉल कुठे आहेत? मॅच कुठे आहे? ज्या गोष्टीवर अख्खा महाराष्ट्र तेव्हा वैतागला होता ती त्या जोकमध्ये नव्हतीच. मग आम्ही बसून दुसरं केलं, 'ह्याची ओव्हर संपेपर्यंत आमची बस स्वारगेटवरून कात्रजला पोचली.' हे कुठल्याही देशाच्या, कुठल्याही रंगाच्या बोलरला लागू पडतं, आणि पुण्यात ज्याने संध्याकाळी सात वाजता ती बस पकडलीये तो प्रत्येक जण यावर हसतो. पोस्ट मस्त चालली. कॅप्शन बदलायला फार तर दहा मिनिटं लागली असतील.

म्हणजे करायचं काय, तर माणसाने जे केलंय त्याच्यावर या. कॅच सोडला, खोटं आश्वासन दिलं, सिग्नल तोडला, वाईट ॲक्टिंग केली, यावर कितीही तुटून पडा. माणूस जसा जन्माला आलाय त्याच्यावर नको. पुणेरी पाट्या इतकी वर्षं चालतात त्याचं कारण हेच आहे, एक ते चार दुकान बंद, 'पत्ता विचारण्यासाठी बेल वाजवू नये', हे सगळं वागण्यावर आहे, आणि पुणेकर स्वतः स्वतःवर ते करतात.

दुसरी कसोटी, माणसं अदलाबदल करून बघा. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी टेस्टला सिराजला बाऊंड्रीवर प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, खेळ थांबला, सहा जणांना स्टेडियममधून बाहेर काढलं. तेव्हा आपण सगळे किती भडकलो होतो, आणि बरोबरच होतं. पण ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदऱ्याला आणि मग वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे हावभाव करणारे आपलेच लोक होते. जो जोक सिडनीत आपल्या पोरावर झाला तर रक्त उसळेल तो जोक एफसी रोडवर बसून दुसऱ्यावर करायचा नाही, इतकं सरळ आहे.

'पण आम्ही प्रेमाने म्हणतो' हे उत्तर तर तुम्हाला मिळणारच. डॅरेन सॅमीचं घ्या. वेस्ट इंडिजला दोन टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकून दिलेला कॅप्टन, तो हैदराबादकडून आयपीएल खेळायचा तेव्हा त्याला 'काळू' म्हणायचे. त्याला वाटायचं तगडा घोडा असा काहीतरी अर्थ असेल, म्हणून तोही हसायचा. जून २०२० मध्ये, अमेरिकेत पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव घेतला त्या प्रकरणानंतर, त्याला खरा अर्थ कळला आणि त्याने व्हिडिओ टाकून सगळ्यांना जाब विचारला. नंतर एका टीममेटशी बोलणं झालं, प्रेमाने म्हणायचो असं त्याने सांगितलं आणि सॅमीने ते मानलं सुद्धा. मोठा माणूस. पण मधली सहा-सात वर्षं तो हसत होता कारण त्याला अर्थच माहीत नव्हता, आणि आपण त्याच हसण्याला परवानगी समजत होतो. तुमच्या ग्रुपमधला नागालँडचा मित्र 'मोमो' म्हटल्यावर हसतो ना, तो पण एकटा आहे म्हणून हसत असेल, त्याला एकदा बाजूला घेऊन विचारा.

आणि हे फक्त परप्रांतीय किंवा परदेशी लोकांपुरतं नाहीये. आपल्या मराठी रील्समध्ये सगळ्यात जास्त खपणारा माल कुठला? गावाकडच्या बोलीतला येडपट. विदर्भाची, मराठवाड्याची, सोलापूरची बोली लावली की पात्र आपोआप अडाणी, आणि पुण्याचं मराठी बोलणारा आपोआप हुशार. 'पानी' म्हटलं की हशा. मला याचा खूप राग येतो, कारण त्या अभ्यासिकेत बसलेली पोरगी क्लासमध्ये प्रश्न विचारायला हात वर करत नाही ती याच्यामुळे. बोली वापरा, भरपूर वापरा, बोलीत जो नेमकेपणा आहे तो प्रमाण मराठीत सापडत नाही, फक्त त्या बोलीतल्या माणसाला जोक मारू द्या, त्याच्यावर जोक मारू नका. रीलमध्ये परभणीची मुलगी घरमालकाला दोन वाक्यात गप्प करते असं करून बघा, जास्त हसतात लोक.

काही शब्द सरळ बाजूलाच ठेवा. चिंकी, मोमो, काळ्या, हबशी, शिवी म्हणून 'भय्या', दिसेल त्या वॉचमनला 'ए बहादूर', आणि कोणालाही पुराव्याशिवाय 'बांगलादेशी'. जातीवरचे शब्द तर मी इथे लिहीतही नाही, तुम्हाला माहीत आहेत. आफ्रिकन माणसांवर पोस्ट करायचीच असेल तर मलिक अंबरवर करा ना. गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा माणूस, निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुंजवलं, भातवडीच्या लढाईत १६२४ ला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, आणि आजचं छत्रपती संभाजीनगर त्यानेच खडकी म्हणून वसवलं. शाळेत सगळ्यांनी नाव वाचलेलं असतं, पण तो दिसायला कसा असेल याचा विचार कोणी करत नाही.

भाषेचा वाद पेटला की

हे वेगळं सांगावं लागेल कारण इथे आपलं सगळ्यांचं रक्त गरम होतं, माझंही होतं. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदीचा जीआर आला, आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. मधल्या अडीच महिन्यात जबरदस्त मीम्स झाली, सरकारच्या निर्णयावर, मंत्र्यांच्या कोलांट्यांवर, पहिलीच्या पोराच्या दप्तरावर. ती करायलाच पाहिजेत. मराठीचा आग्रह धरायचाच. पण त्याच सुमारास रिक्षावाल्याला, दुकानदाराला, सिक्युरिटीच्या पोराला थोबाडीत मारल्याचे व्हिडिओ पण 'कडक' म्हणून फिरत होते. जीआर त्याने काढला नव्हता. तुमची पोस्ट ज्याने निर्णय घेतलाय त्याच्याकडे जातेय की जो बिचारा बारा तासांची ड्युटी करतोय त्याच्याकडे, एवढं एकदा बघून घ्या.

आणि समोरून कोणी 'घाटी' म्हणून आलं तर? येतातच. त्याच्या राज्यावरून त्याला उलट शिवी दिली की थ्रेड त्याला हवा तसाच चालतो आणि तुमचा मुद्दा गेला. मी एकदाच लिहितो, 'घाटावर राहतो, त्याचा अभिमान आहे, आता मूळ मुद्द्यावर काय म्हणणं आहे ते सांग.' परत शिवी आली की ब्लॉक. दिवसभर भांडत बसत नाही.

ग्रुपवर दुसऱ्याने टाकलं तर काय करायचं

फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलं तर सगळ्यांसमोर त्यांना झापू नका, माणूस चिडतो आणि मग तोच जोक अजून दोनदा टाकतो. पर्सनलवर लिहा, आणि साधं लिहा: 'काका, मघाशी टाकलेला तो ईशान्येच्या मुलीवरचा फॉरवर्ड काढाल का प्लीज? माझ्या ऑफिसात तिकडची मुलगी आहे, तिला रस्त्यात रोज असलंच ऐकावं लागतं.' ओळखीच्या माणसाचं उदाहरण दिलं की पटतं, लेक्चर दिलं की नाही पटत. बहुतेक काका काढतात. नाही काढलं तर मग ग्रुपवर एका ओळीत, 'मला हे बरोबर वाटलं नाही,' आणि पुढे वाद नाही.

सोसायटीच्या ग्रुपचं मात्र वेगळं. तिथे जोकमधून घर जातं माणसाचं. मार्च २०२० मध्ये ईशान्येच्या लोकांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारत होते, घरं खाली करायला सांगत होते, इतकं की केंद्रीय गृहमंत्रालयाला सगळ्या राज्यांना पत्र पाठवून कारवाई करा म्हणून सांगावं लागलं. त्यामुळे सोसायटीत कोणी भाडेकरूंच्या फोटोसकट काही टाकलं तर लगेच आणि सगळ्यांसमोर बोला: 'फोटो आधी डिलीट करा. त्यांच्याबद्दल तक्रार असेल तर कमिटीकडे लेखी द्या.' ॲडमिनला फोन करा, ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ॲडमिन म्हणेल मी कशाला त्यात पडू, तर २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, त्याचा त्यात सामील हेतू दिसला पाहिजे. म्हणजे त्याने घाबरायचं कारण नाही, पण हातात बटण आहे तर दाबावं.

अनोळखी माणसाची घाणेरडी पोस्ट दिसली तर स्क्रीनशॉट काढून 'बघा ह्याची लायकी' म्हणून शेअर करू नका. त्याला तेच पाहिजे असतं, आणि तुमच्या हजार लोकांना तो जोक फुकटात पोचतो. रिपोर्ट करा, पुढे जा. त्याचं ऑफिस, घर शोधून काढून टाकणं तर अजिबात नको.

पेजवाल्यांसाठी: पोस्ट चांगली असली तरी कमेंटमध्ये घाण होतेच. इन्स्टाच्या सेटिंगमध्ये 'हिडन वर्ड्स' आहे, तिथे वरचे सगळे शब्द टाका, देवनागरीत आणि इंग्लिश स्पेलिंगमध्ये, चुकीच्या स्पेलिंगसकट, कारण लोक मुद्दाम एखादं अक्षर बदलून लिहितात. पहिली चांगली, मजेशीर कमेंट पिन करा, खालचे लोक तिचाच सूर पकडतात. आणि तापलेल्या विषयावर रात्री साडेअकराला पोस्ट टाकून झोपू नका, पहिला तासभर तिथे बसायची तयारी असेल तेव्हाच टाका.

चुकीचं काही गेलंच तर गुपचूप डिलीट करून गप्प बसू नका, आणि ते 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' पण नको, त्यात चूक समोरच्याच्या भावनांची ठरते. 'काल टाकलेल्या पोस्टमध्ये आम्ही अमुक समाजाच्या दिसण्यावर जोक केला होता. तो चुकीचा होता, काढलाय.' बास, एवढंच, आणि खाली येणाऱ्या शिव्या दोन दिवस शांतपणे ऐकून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. आयटी ॲक्टचं ६६ अ कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, त्यामुळे नुसतं कोणाला पोस्ट आवडली नाही म्हणून त्या कलमाखाली उचलता येत नाही. पण धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात यावरून समाजासमाजात तेढ वाढवणं हा गुन्हा आहेच, आधी भादंविचं १५३ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १९६, आणि त्यात ऑनलाईन पण येतं. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून जाहीर अपमान केला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा वेगळा.

शेवटचं, तुमच्या मित्रावरच असली पोस्ट फिरत असेल तर. पहिल्यांदा त्याला विचारा की त्याला काय हवंय, तुम्हाला राग आलाय म्हणून त्याच्या वतीने पोस्ट टाकू नका, त्याला कदाचित अजून चार लोकांना ते दिसायला नको असेल. तो ठरवेपर्यंत स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, अकाऊंटचं नाव, तारीख, वेळ दिसेल असे, आणि पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा, कारण समोरचा डिलीट करतो. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर ऑनलाईन देता येते, किंवा जवळच्या पोलीस चौकीत. चौकीत जायचं ठरलं तर त्याला एकट्याला पाठवू नका, मराठी बोलणारं कोणीतरी बरोबर असलं की तिथे ऐकून घेतात. स्क्रीनशॉटच्या दोन प्रिंट काढून न्या, अर्ज मराठीत तुम्ही लिहून द्या पण सही करायच्या आधी त्याला हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये वाचून दाखवा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.